‘बेअर’, ‘बोअर’, ‘बॉर्न’: एका अनियमित इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि मूळ कसे उलगडावे

इंग्रजीची अनियमित क्रियापदे आपल्याकडे पाढ्यांप्रमाणे पाठ करून घेतली जातात: तीन उभ्या रकान्यांत तीन रूपे, शेजारी एक मराठी अर्थ आणि पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठ असलेच पाहिजेत. परंतु ज्या क्रियापदाचा व्याप मोठा आहे, त्याच्यापुढे एकच मराठी शब्द लिहून ठेवला की तो शब्द पुढे वर्षानुवर्षे आडवा येत राहतो. नववीतल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत हे मी जवळून पाहिले. ‘बेअर’समोर तिने सुवाच्य अक्षरात ‘सहन करणे’ असे लिहिले होते आणि चार पानांनंतर ‘धिस ट्री बेअर्स फ्रूट इन मे’ या वाक्याचा अर्थ ‘हे झाड मे महिन्यात फळे सहन करते’ असा केला होता. चूक तिची नव्हती. तिला जो अर्थ दिला गेला होता, तो तिने मन लावून वापरला होता.

हा लेख त्याच एका क्रियापदाला धरून लिहिला आहे. अनियमित क्रियापदाचे अर्थ कसे लावावेत, त्याची रूपे अशीच का आहेत हे कसे समजून घ्यावे आणि त्याचे मूळ शोधताना कोठे सावध राहावे, हे ‘बेअर’च्या आधारे दाखवण्याचा प्रयत्न आहे. ‘बेअर’ निवडण्यामागे कारण आहे. या क्रियापदाची सख्खी बहीण मराठीत रोज वापरली जाते आणि त्याचे बहुतेक अर्थ मात्र मराठीत एक वेगळेच क्रियापद सांभाळते. या दोन मराठी क्रियापदांची नीट ओळख पटली की इंग्रजी शब्दाची गाठ सुटायला वेळ लागत नाही.

आधी सारखे दिसणारे शब्द बाजूला काढा

कोणत्याही शब्दाच्या मुळाकडे जाण्यापूर्वी त्याच्यासारखे दिसणारे आणि ऐकू येणारे परके शब्द वेगळे काढावेत. ‘बेअर’ म्हणजे अस्वल हा शब्द याच अक्षरांनी लिहिला जातो, परंतु त्याचा या क्रियापदाशी काहीही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत प्राण्याचे नाव ‘बेरा’ होते आणि क्रियापद ‘बेरान’ होते, आणि ही दोन्ही वेगळ्या मुळांची आहेत. शेअर बाजारात मंदीवाल्यांना ‘बेअर’ म्हणतात, तेही अस्वलावरूनच: अस्वलाची शिकार होण्याआधीच त्याचे कातडे विकू नये, अशा अर्थाची एक जुनी म्हण होती आणि हातात नसलेला माल विकणाऱ्यांना त्या म्हणीवरून हे नाव पडले. ‘उघडे, नुसते’ या अर्थाच्या ‘बेअर’चा उच्चार तोच असला तरी स्पेलिंग बी-ए-आर-ई असे आहे. त्यामुळे ‘प्लीज बेअर विथ मी’ हे वाक्य ईमेलमध्ये लिहिताना ई शेवटी न ठेवता ए-च्या आधी ठेवला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. नाही तर ‘जरा धीर धरा’ याऐवजी कपडे उतरवण्याचे आमंत्रण दिल्यासारखे होते. भूतकाळी रूप ‘बोअर’ हेही असेच फसवे आहे. भोक पाडणे किंवा कंटाळा आणणे या अर्थांचे ‘बोअर’ हे ‘बेअर’चे रूप नाही, ती स्वतंत्र आणि नियमित क्रियापदे आहेत आणि त्यांचा भूतकाळ ‘बोअर्ड’ असा होतो.

अर्थांची यादी करू नका, त्यामागची हालचाल शोधा

इंग्रजी शब्दकोशात ‘बेअर’खाली अर्थांची लांबलचक रांग असते आणि ती वाचून बहुतेकांचा धीर सुटतो. ती रांग तशीच पाठ करण्याऐवजी सर्वांत जुना अर्थ घ्यावा आणि त्यात शरीराची कोणती हालचाल आहे ते पाहावे. जुन्या इंग्रजीतील ‘बेरान’चा अर्थ वाहून नेणे असा होता. डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली बाई डोळ्यांसमोर आणली की ‘बेअर’चे सगळे अर्थ तिच्यात दिसू लागतात. तिच्या अंगावर भार आहे, ती तो पडू देत नाही, भारासह चालते आहे, तिला दिशा आहे, आणि मान अवघडली तरी ती सोसते आहे.

यांतील भार पेलण्याच्या भागातून ‘लोड-बेअरिंग वॉल’ आली, म्हणजे जी पाडली तर स्लॅब खाली येईल अशी भिंत. गॅरेजमध्ये ‘बेअरिंग गेलं’ असे म्हणतात तेव्हा फिरणाऱ्या दांड्याचा भार स्वतःवर घेणारी पोलादी कडीच गेलेली असते. खर्च किंवा जबाबदारी अंगावर घेतली तर तेही ‘बेअर’च: ‘द कंपनी विल बेअर द कॉस्ट’ म्हणजे खर्च कंपनी सोसेल किंवा उचलेल. मराठीतही खर्च ‘उचलला’ जातो, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

मनावरचा भार पेलणे म्हणजे सहन करणे. हा अर्थ इंग्रजीत बहुधा नकारासह येतो: ‘आय कान्ट बेअर टू वॉच’. याचे भाषांतर ‘मी पाहणे सहन करू शकत नाही’ असे करणारे अनेक जण आहेत, परंतु मराठीने यासाठी क्रियापदाचे एक स्वतंत्र रूप राखून ठेवले आहे: ‘मला बघवत नाही’. ‘ऐकवत नाही’, ‘राहवत नाही’, ‘सांगवत नाही’ ही सगळी ‘कान्ट बेअर’ची चोख मराठी रूपे आहेत, आणि मला तर ती मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतात, कारण तीन शब्दांत जे बसते ते मराठीने एका प्रत्ययात बसवले आहे.

उदरात भार वाहणे आणि मूल जन्माला घालणे हा तिसरा मोठा अर्थ. ‘शी बोअर थ्री चिल्ड्रन’ म्हणजे तिला तीन मुले झाली. झाडाबद्दलही तेच क्रियापद येते आणि व्याज देणाऱ्या रोख्याबद्दलही: ‘द बाँड बेअर्स इंटरेस्ट’, म्हणजे त्यावर व्याज मिळते.

चौथा अर्थ अंगावर किंवा मनात बाळगण्याचा आहे. शस्त्र बाळगणे, नाव धारण करणे, जखमेचा व्रण अंगावर असणे, मनात राग असणे, कोणाशी साम्य असणे, अशा सर्व ठिकाणी ‘बेअर’ चालते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयी हेच क्रियापद आहे आणि त्याची व्याप्ती नेमकी किती, यावर तेथील न्यायालयांत आजही वाद होतात. शेवटचा अर्थ दिशेचा आहे. ‘बेअर लेफ्ट ॲट द टेंपल’ म्हणजे देवळापाशी डावीकडची वाट धरा.

आता या वाक्यांची मराठी रूपे एका खाली एक लिहून पाहावीत. झाडाला फळ धरते. शस्त्र धारण करतात. मनात अढी धरतात. थोडा धीर धरा. डावीकडची वाट धरा. मनात धरून ठेवा. ‘बेअर’चा प्रत्येक अर्थ सोसणे, उचलणे, वाहणे अशा वेगवेगळ्या शब्दांकडे गेल्यासारखा वाटतो खरा, पण त्यांतील निम्म्याहून अधिक अर्थ मराठीत ‘धरणे’ या एकाच क्रियापदापाशी येऊन थांबतात. त्या विद्यार्थिनीने वहीत ‘सहन करणे’ याऐवजी ‘धरणे’ लिहिले असते, तर झाडाला फळ आपोआप धरले असते.

याचा सर्वांत जवळचा पुरावा आपल्या खिशात असतो. पाचशे रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन इंग्रजीत छापलेले असते: ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ फाइव्ह हंड्रेड रुपीज’. त्याच नोटेवर तेच वचन हिंदीत ‘मैं धारक को’ असे सुरू होते. ‘बेअरर’ म्हणजे धारक, म्हणजे ज्याने ती नोट धरली आहे तो. बँकेतल्या बेअरर चेकचा अर्थही तोच: चेक ज्याच्या हातात, पैसे त्याला. हॉटेलातला ‘बेअरा’ही याच ‘बेअरर’चा, मात्र त्याच्या मागे कंपनी सरकारच्या काळाचा इतिहास आहे. त्या काळच्या इंग्रजांच्या बोलीत ‘बेअरर’ म्हणजे पालखी वाहणारा भोई, आणि बंगाल इलाख्यात साहेबाचे कपडे व घरसामान सांभाळणारा नोकर. पालखी गेली तरी शब्द टिकला आणि ताटे वाहणाऱ्याला मिळाला.

रूपे अशी का झाली

‘बेअर, बोअर, बॉर्न’ या रूपांत नियम नाही असे वाटते, परंतु तो आहे. फक्त आजच्या इंग्रजीत तो मोडकळीस आला आहे. जुन्या इंग्रजीत ‘मी वाहतो’साठीचा स्वर वेगळा, ‘त्याने वाहिले’साठीचा वेगळा, ‘त्यांनी वाहिले’साठीचा वेगळा आणि ‘वाहिलेले’साठीचा वेगळा होता: बेरान, बॅर, बॅरॉन, बोरेन. शब्दाची व्यंजने तीच राहतात आणि आतला स्वर बदलून काळ दाखवला जातो. अशी क्रियापदे इंग्रजीत शेकड्यांनी होती. पुढे ‘-एड’ लावण्याची सोपी रीत पसरत गेली आणि जी क्रियापदे रोज तोंडात होती तीच बहुधा जुन्या रीतीवर टिकली. म्हणूनच अनियमित क्रियापदांच्या यादीत खाणे, पिणे, देणे, येणे, पडणे यांचीच गर्दी दिसते.

स्वर बदलून अर्थ बदलणे मराठी माणसाला नवे नाही. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे ही जोडकी आपण सहज वापरतो आणि त्यांना कोणी अनियमित म्हणत नाही. आपल्याकडे या बदलाने काळ दाखवला जात नाही, करणारा आणि होणारा यांतला फरक दाखवला जातो. पण ही सोय संस्कृतातून आली आहे आणि संस्कृत व्याकरणात तिला गुण आणि वृद्धी ही नावे आहेत. भृत, भरति, भार हे तीन शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहावेत: पहिल्यात ऋ, दुसऱ्यात अर्, तिसऱ्यात आर्. एकाच धातूच्या या तीन पायऱ्या आहेत. इंग्रजी ‘बेअर’ आणि ‘बॉर्न’ यांतला फरक हा मुळात याच पायऱ्यांचा फरक आहे आणि ‘बॉर्न’ची पायरी ‘भृत’चीच आहे. खरी अनियमितता पाहायची तर आपले ‘जाणे’ पाहावे. वर्तमानकाळातले ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचे आणि भूतकाळातले ‘गेला’ ‘गम्’ धातूचे, म्हणजे दोन वेगळी घरे एकत्र नांदत आहेत. इंग्रजी ‘गो’ आणि ‘वेंट’ यांचेही तसेच आहे.

‘बोअर’ या भूतकाळी रूपाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण जुने इंग्रजी वाचणारे येथे अडखळतात. हे रूप मूळचे नाही. पूर्वी भूतकाळ ‘बेअर’ असाच होता, फक्त त्याचे स्पेलिंग बी-ए-आर-ई असे होई. १६११ मध्ये छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये हव्वेला काइन झाला तेव्हा ‘ॲण्ड शी कन्सीव्ह्ड, ॲण्ड बेअर केन’ असे वाक्य येते. तेथे आज आपण ‘बोअर’ म्हणू. तिसऱ्या रूपातला ओ हळूहळू दुसऱ्या रूपात शिरला आणि ‘बोअर’ रूढ झाले. ‘टेअर, टोअर, टॉर्न’ हे क्रियापद याच वाटेने गेले. या चालीला पुढे इतके बळ आले की ‘वेअर’ म्हणजे कपडे घालणे हे क्रियापद, जे जुन्या इंग्रजीत चक्क नियमित होते, तेही या मंडळींच्या संगतीत अनियमित झाले आणि ‘वोअर, वॉर्न’ म्हणू लागले. अनियमित क्रियापदे सगळी जुनाट अवशेष असतात, हा समज या एका उदाहरणाने दूर होतो.

‘बॉर्न’ दोन आहेत

परीक्षेत, अर्जात आणि वर्तमानपत्रात सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. तिसऱ्या रूपाची स्पेलिंगे दोन आहेत: बी-ओ-आर-एन आणि बी-ओ-आर-एन-ई. उच्चार एकच असल्यामुळे देवनागरीत त्यांत फरक दिसत नाही. म्हणून येथे पहिल्याला आखूड आणि दुसऱ्याला लांब म्हणतो. दोन्ही एकाच रूपाची जुनी स्पेलिंगे आहेत आणि त्यांतली कामाची वाटणी सतराव्या-अठराव्या शतकांत पक्की झाली.

आखूड रूप फक्त जन्माला येण्यासाठी आहे, आणि तेही जेव्हा वाक्य जन्मणाऱ्याबद्दल असते तेव्हाच. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला, हे इंग्रजीत सांगताना ‘वॉज बॉर्न’मध्ये आखूड रूप येईल. वाक्य जर आईबद्दल असेल तर लांब रूप येते: ‘शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन’. कर्मणी वाक्यात ‘बाय’ आले आणि आईचा उल्लेख झाला, तरीही लांबच: ‘चिल्ड्रन बॉर्न बाय हर’. पण ‘ऑफ’ किंवा ‘टू’ आले तर पुन्हा आखूड, म्हणजे ‘बॉर्न टू पुअर पेरेंट्स’. आणि जन्माशी ज्याचा संबंध नाही अशा वाहणे, सोसणे, पेलणे या सर्व अर्थांना लांब रूप लागते. खर्च ज्याने सोसला तो खर्च लांब ‘बॉर्न’. पाण्यातून पसरणारे रोग ‘वॉटरबॉर्न’ आणि डासांमार्फत पसरणारे ‘मॉस्किटो-बॉर्न’, तेही लांब, कारण पाणी त्या रोगाला जन्म देत नाही, वाहून आणते. हा एवढा विचार मनात ठेवला की ई लावायचा की नाही, हे पाठ करावे लागत नाही: जन्मला असेल तर आखूड, वाहिला असेल तर लांब.

मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या दोन सवयीही येथेच नोंदवाव्यात. ‘आय ॲम बॉर्न इन सातारा’ हे वाक्य वर्तमानकाळात का जाते? आपण ‘माझा जन्म साताऱ्याचा’ असे म्हणतो, त्यात क्रियापदच नसते, आणि ती रिकामी जागा ‘ॲम’ने भरली जाते. जन्म होऊन गेलेला आहे, म्हणून ‘वॉज’च हवे. ‘जन्म घेतला’ याचे शब्दशः ‘टुक बर्थ’ होते, तेही टाळावे. संत-महात्म्यांच्या चरित्रांत ते फार दिसते. इंग्रजीत माणूस स्वतः जन्म घेत नाही, त्याला आई वाहते. ‘वॉज बॉर्न’चा अक्षरशः अर्थ ‘वाहिला गेला’ असा आहे, आणि हे कळले की त्या कर्मणी रचनेचे कोडेही सुटते.

मुळाकडे जाताना

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य क्रियापदांच्या मुळांत आणि व्याकरणाच्या रूपांत इतके खोल आहे की ते योगायोगाने आलेले असू शकत नाही. त्यांनी शब्दांच्या नव्हे, क्रियापदांच्या मुळांकडे बोट दाखवले, हे महत्त्वाचे. नावे बाजारातून उसनी येतात. क्रियापदांची रूपे सहसा घरचीच असतात. पुढे १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप यांनी संस्कृतच्या क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक (म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातील) क्रियापदांशी तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या अभ्यासाचा पाया घातला.

‘बेअर’साठी ती तुलना आपण स्वतः करून पाहू शकतो. संस्कृतात ‘तो वाहतो’ म्हणजे भरति आणि ‘ते वाहतात’ म्हणजे भरन्ति. लॅटिनमध्ये फेर्ट आणि फेरुन्ट. गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या नातेवाईक भाषेत बेरिथ आणि बेरन्द. इराणमध्ये नक्श-ए-रुस्तम येथे सम्राट दारियसचे डोंगरात कोरलेले थडगे आहे. तेथील शिल्पात निरनिराळ्या देशांचे लोक त्याचे सिंहासन उचलून धरताना दिसतात, आणि सोबतच्या जुन्या फारसी लेखात त्यांच्याबद्दल ‘बरन्तिय’ हे क्रियापद आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कातळावर आपले भरन्ति जवळजवळ जसेच्या तसे उभे आहे. ते प्रथम वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हे साम्य नुसते ऐकण्यावर सोडू नये. ध्वनींचे नियम लावून तपासावे. या सर्व भाषा ज्या एका जुन्या भाषेपासून निघाल्या, त्या मूळ भाषेतला भ संस्कृतात भ राहिला, ग्रीकमध्ये फ झाला, लॅटिनमध्ये शब्दारंभी फ झाला, आणि इराणी व जर्मानिक भाषांत त्याचा महाप्राण गळून ब उरला. जर्मानिक भाषांतले असे बदल याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये सूत्रबद्ध केले. नियम खरा असेल तर तो दुसऱ्या शब्दांतही दिसला पाहिजे आणि तसा तो दिसतो: संस्कृत भ्राता, लॅटिन फ्राटेर, इंग्रजी ब्रदर. येथे आपली बाजू बळकट आहे. ज्यांच्या भाषेत ब आणि भ वेगळे नाहीत, त्यांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागतो. आपल्याला तो बाराखडीबरोबर मिळालेला असतो.

नियम हातात आला की इंग्रजीतले एकेक नातेवाईक पुढे येऊ लागतात. ‘बर्डन’ म्हणजे ओझे. ‘बर्थ’ म्हणजे जन्म. संस्कृत ‘भृति’ची आणि त्याची घडण एकच. ‘व्हीलबॅरो’ मधला बॅरो, म्हणजे बांधकामावरची एकचाकी ढकलगाडी. ‘बिअर’ म्हणून एक शब्द आहे, स्पेलिंग बी-आय-ई-आर, त्याचा अर्थ तिरडी. माणसाचे येणे आणि जाणे ही दोन्ही टोके या एका धातूने पकडली आहेत. लॅटिनच्या वाटेने ‘ट्रान्सफर’, ‘रेफर’, ‘ऑफर’, ‘कॉन्फरन्स’ आणि ‘फर्टिलायझर’ आले. ग्रीकच्या वाटेने ‘फॉस्फरस’ आला, त्याचा शब्दार्थ प्रकाश वाहणारा, आणि ‘मेटाफर’ही. ‘ट्रान्सफर’ आणि ‘मेटाफर’ या दोन्ही शब्दांची घडण एकच आहे, पलीकडे वाहून नेणे. एकात नोकरी वाहून नेली जाते, दुसऱ्यात अर्थ.

आणि मराठी? संस्कृत भरति मराठीत ‘भरणे’ झाले. येथेच सुरुवातीला सांगितलेली बहीण भेटते. तिने वाट बदलली: वाहून आणून ओतत राहिले की भांडे पूर्ण होते, म्हणून वाहण्याचा शब्द पूर्ण करण्याकडे गेला. तरीही जुना अर्थ पुरता पुसला गेलेला नाही. ‘पोते पन्नास किलो भरले’ असे आडतीवर म्हणतात तेव्हा पोते भरण्याचा नव्हे, भार दाखवण्याचा अर्थ असतो. गवताचा भारा, मनावरचा भार, भारी, आभार, भरणपोषण, भर्ता, भार्या आणि विश्वंभर, हे सगळे भृ धातूचे. त्याच आडतीवर पोत्याचे वजन करताना ‘बारदान’ वजा करतात. तो शब्द फारसीतून आला आणि त्यातला ‘बार’ म्हणजे ओझे, आपल्या ‘भार’चा इराणी भाऊ. मालाचा भार आणि पोत्याचे बारदान एकाच काट्यावर येतात आणि दोघांचे मूळ एक असते. ‘पैगंबर’ मधला ‘बर’ही तोच: पैगाम म्हणजे निरोप, तो वाहून आणणारा.

‘धरणे’ मात्र धृ या वेगळ्या धातूचे आहे. नात्याने ‘बेअर’ला ‘भरणे’ जवळचे, अर्थाने ‘धरणे’ जवळचे. मूळ एक असले म्हणजे अर्थ एक असतोच असे नाही आणि अर्थ एक असला म्हणजे मूळ एक असतेच असेही नाही. व्युत्पत्तीच्या नादात हा फरक विसरला की माणूस ‘शी बोअर अ चाइल्ड’चा संबंध ‘दिवस भरले’शी लावून मोकळा होतो. ऐकायला ते गोड वाटते, पण ‘दिवस भरले’ मधले भरणे हे मुदत पूर्ण होणे आहे.

फसवी नाती आणि तपासण्याची साधने

असे फसवे दुवे या क्रियापदाभोवती बरेच आहेत. ‘फोरबेअर’ नावाचे दोन शब्द आहेत. त्यांतला एक, एफ-ओ-आर ने सुरू होणारा, म्हणजे स्वतःला आवरणे, हा खरोखर ‘बेअर’चा. दुसरा, एफ-ओ-आर-ई ने सुरू होणारा, म्हणजे पूर्वज. त्यातला शेवटचा भाग ‘असणारा’ या अर्थाचा आहे आणि तो ‘बी’ या क्रियापदापासून आला आहे. नदी ओलांडणारी ‘फेरी’ लॅटिन ‘फेर्रे’ची वाटते, कारण तीही वाहून नेते, पण तो शब्द इंग्रजीच्या स्वतःच्या, भाड्याच्या ‘फेअर’शी जोडलेल्या कुळातला आहे. ‘हुकुमबरदार’ मधला ‘बर’ पैगंबरातल्यासारखा दिसतो, परंतु तेथे ‘बर’ म्हणजे वर आणि ‘दार’ म्हणजे धरणारा.

म्हणून कोणतीही व्युत्पत्ती वहीत उतरवण्यापूर्वी किमान दोन कोश पाहावेत. इंग्रजी बाजूसाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी सर्वांत भरवशाची, कारण तीत प्रत्येक अर्थाखाली त्याचे जुने वापर तारखांसह दिलेले असतात. ती उपलब्ध नसेल तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी मोफत पाहता येते. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, शक्यतो १८५७ ची दुसरी आवृत्ती, कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश आणि भारतीय आर्य भाषांसाठी राल्फ टर्नर यांचा तौलनिक कोश. मोल्सवर्थ आणि टर्नर हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. टर्नरमध्ये ‘भरति’ उघडला की खाली पाली, प्राकृत, सिंधी, गुजराती, मराठी अशी रूपे क्रमाने मिळतात आणि शब्दाने कोणत्या टप्प्यावर ‘वाहणे’ सोडून ‘भरणे’ धरले, याचा अंदाज घेता येतो.

वहीचे पान आखताना उभे रकाने काढू नयेत. मधोमध सर्वांत जुना अर्थ लिहावा, त्याच्याभोवती वाक्ये लिहावीत आणि प्रत्येक वाक्यासमोर आपण घरी जे मराठी बोलू तेच लिहावे: ‘बघवत नाही’, ‘फळ धरलं’, ‘खर्च उचलला’. पानाच्या तळाशी नातेवाईक आणि त्यांच्याखाली, वेगळ्या शाईने, फसवी नाती. ‘बेअर’चे पान झाले की पुढचे पान ‘वेअर’ला द्यावे. ते जुने असूनही अनियमित नव्हते आणि नंतर झाले, त्यामुळे तेथे शोधाची दिशा उलटी ठेवावी लागते: आधी नियमित रूपाचा शोध घ्यायचा आणि मग ते कोणाच्या संगतीत बदलले ते पाहायचे.